बंबातलं ऊन पाणी

वाईच्या आमच्या घरी परसदारी, न्हाणीघराला लागून तांब्याचा बंब होता. पहाटे तो पेटवायचं काम काकूचं. काटक्या, शेंगांची टरफलं, करवंट्या आदल्या संध्याकाळी गोळा करून त्याच्याशेजारी ठेवायचं काम आम्हां मुलांचं. मधल्या नळकांड्यात जाळ, त्याच्या भोवतीनं पाणी. एका बाजूला गार पाणी ओतायचं नरसाळ्यासारखं तोंड, दुसऱ्या बाजूला तोटी. नुसती बादली लावून त्यातून ऊन पाणी मिळायचं नाही. वरून एक तांब्या गार पाणी ओतलं, की तोटीतून तेवढंच ऊन पाणी बाहेर यायचं. म्हणजे आपली बादली भरेपर्यंत पुढच्याचं पाणी आत तापायला पडलेलं असायचं. घाईनं भडाभडा ओतलं तर गार-ऊन एक होऊन कोमट यायचं, आणि मागचा ओरडायचा. घरात तेरा माणसं. सगळ्यांच्या आंघोळी त्या एका बंबावर व्हायच्या आणि शेवटच्यालाही ऊन पाणी मिळायचं.

हा बंब मला गेल्या पावसाळ्यात एकाएकी आठवला. आमची नात सात वर्षांची आहे, दुसरीत. तिच्या शाळेतून पालकांसाठी सूचनांचा एक कागद आला होता : झोप किती हवी, मैदानावर किती वेळ, पडद्यासमोर किती, डब्यात काय असावं. कागद चांगला होता, त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. पण तो वाचून सूनबाईचा चेहरा उतरला. ती कामावरून सातला घरी येते, मुलगा त्याहूनही उशिरा. उरलेल्या दोन तासांत हे सगळं बसवायचं कुठे? तिनं मला विचारलं, "आई, तुम्हांला लहानपणी सवयी कशा लावल्या हो?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि अडखळले. मी स्वतः तीस वर्षं बालवाडीची बाई होते. शेकडो मुलांना हात धुवायला, रांगेत बसायला, खेळणं जागेवर ठेवायला शिकवलं. पण मला कुणी बसवून सवय लावली, असा एकही प्रसंग आठवेना. आठवला तो बंब.

सवयी आम्हांला माणसांपेक्षा घराच्या चालीनं लावल्या. संध्याकाळचंच घ्या. नदीच्या घाटावर, गणपतीच्या देवळामागच्या वाळूत खेळत असलो तरी उजेड मावळला की पाय आपोआप घराकडे वळायचे. मागच्या दारानं आत यायचं, मोरीवर हातपाय धुवायचे, टाचा एकमेकींवर घासायच्या, ओल्या पायांनी घरात फिरायचं नाही. तोवर आजीनं देवापाशी दिवा लावलेला असायचा. शुभंकरोती, मग परवचा. तीसपर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. त्या वेळी नवे पैसे येऊन दहा-बारा वर्षं झाली होती, शाळेत किलो-ग्रॅम शिकवत होते, पण आजोबांची पावकी काही सुटली नव्हती. पाढे संपेपर्यंत स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज यायचा आणि पोटात भूक अशी खवळलेली असायची, की समोर काय आहे हे बघायचं कुणाला सुचत नसे. साडेसातला पानं मांडली जायची. नऊ वाजता आळी झोपलेली असायची. आम्ही लवकर झोपावं म्हणून कुणी धाक घातल्याचं आठवत नाही. जागं राहून करण्यासारखं त्या घरात काही नव्हतंच.

आता पुण्यात नवव्या मजल्यावर संध्याकाळ होते तेव्हा कळतच नाही. दिवे दिवसाही लागलेलेच असतात. सात वाजता जेवढा उजेड, तेवढाच अकरा वाजता. लिफ्ट वाजते, दारावर कुणी पार्सल आणून देतं, सगळ्यांचे फोन चालू असतात. त्या घरात मुलाला झोप यावी असं काही उरत नाही. नात बालवाडीत होती तेव्हा तिची बस पावणेसातला यायची. रात्री साडेदहाला झोपलेलं पोर सहाला उठवायचं म्हणजे काय, ते मी पाहिलं आहे. डोळे मिटलेलेच असायचे आणि तिची आई तिला मोजे चढवत असायची. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी दहा ते तेरा तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं. तो आकडा वाचून मी गप्प झाले होते. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. त्याच्यावर बसवाल्यांपासून पालकांपर्यंत सगळ्यांनी तक्रारी केल्या. पण नातीच्या शाळेनं वेळ बदलली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती सकाळी स्वतःहून उठून माझ्या अंथरुणात येऊन बसली आणि गप्पा मारायला लागली. हे पोर सकाळी हसतंही, हे मला तेव्हा कळलं.

जेवणाबद्दल मात्र मी जुन्याचे गोडवे गाणार नाही. पानात टाकायचं नाही हा आमच्या घरचा कायदा होता, आणि त्याच्यामागे संस्कारापेक्षा टंचाई जास्त होती. १९७२ चा दुष्काळ मला आठवतो. लाल मिलोच्या भाकरी आम्ही खाल्ल्या. घशाखाली उतरत नसत. पण धाकट्या भावाला कारल्याची भाजी संपेपर्यंत पानावरून उठू दिलं नव्हतं, तेही आठवतं. तो दिवे मालवेपर्यंत तिथंच बसला होता. साठी ओलांडली तरी कारलं त्याच्या घरात येत नाही. मुलांचे डॉक्टर आता सांगतात, की काय वाढायचं आणि कधी वाढायचं ते मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं ते मुलाला ठरवू द्यावं. मला हे पटतं. आमची आजीही, कायदा बाजूला ठेवून, वाढताना हेच करायची. पानात अर्धी चतकोर भाकरी, चमचाभर भाजी. "आधी एवढं खा, मग माग." मागितलं की तिला कोण आनंद व्हायचा! पूर्ण पान भरून समोर ठेवलं की मूल आधीच हरतं. हे बालवाडीत मी रोज डब्यांवरून बघायची.

अधल्यामधल्या वेळी खायला भाजलेल्या शेंगा आणि गुळाचा खडा, थंडीत ओला हरभरा, बोरं, शाळेच्या वाटेवरच्या चिंचा. बिस्किटाचा पुडा घरात यायचा तो कुणाला ताप आला तर. आता उलट झालं आहे. शेंगा-गूळ आणायला आठवण ठेवावी लागते आणि बिस्किटं, वेफर, रंगीत पाण्याच्या बाटल्या आपसूक घरात येतात, पाहुण्यांच्या हातातून, वाढदिवसाच्या पिशव्यांतून. आपल्या देशात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या पस्तीसहून अधिक मुलांची वाढ खुंटलेली आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. आणि त्याच सर्वेक्षणात जादा वजनाची मुलं आधीच्या २.१ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर गेलेली. एकाच गावात, कधी एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना, ही दोन्ही मुलं राहतात. माझ्या बालवाडीत ती शेजारी शेजारी बसायची.

नातीचं जेवण हे आमच्या घरातलं खरं दुखणं होतं. मोबाइलवर गाणं लागलं की तोंड उघडायचं. गाणं थांबलं की तोंड बंद. वरण-भात आहे की उपमा, तिला पत्ता नसायचा. मी तिला घास भरवायची आणि ती माझ्याकडे बघायचीच नाही. मला वाटायचं, आमच्या वेळीही चिऊचा घास, काऊचा घास होताच. तेही आमिषच. मग हे एवढं का सलतं? एकदा तिला भरवता भरवता लक्षात आलं. चिऊचा घास भरवताना आजी आमच्या तोंडाकडे बघायची आणि आम्ही आजीच्या हाताकडे. पोट भरलं की आमची मान वळायची, तिला ते दिसायचं, आणि शेवटचा घास ती स्वतःच्या तोंडात टाकायची. नातीची मान वळतच नव्हती. ती कुठेतरी दुसरीकडेच होती.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं आहे, की दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवूच नये, दोन ते पाच वर्षांत फार तर तासभर. आम्ही हे सगळं मोडून बसलो होतो आणि दोष मात्र मुलीला देत होतो. मग मुलानंच एके रात्री देवघरातली फुलांची परडी आणली, फ्रिजवर ठेवली आणि आधी स्वतःचा फोन त्यात टाकला. जेवायच्या वेळी सगळ्यांचे फोन परडीत, असं ठरलं. माझाही. पहिले तीन दिवस नात रडली, चौथ्या दिवशी उपाशी झोपली. सूनबाई त्या रात्री माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई, मी वाईट आई आहे का हो?" मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. महिना-दीड महिना लागला. मध्ये दोनदा आम्हीच कच खाल्ली. एकदा मुलाच्या कामाचा फोन आला, एकदा मी बहिणीचा व्हिडिओ बघत बसले. आता नात जेवताना बोलते. इतकी बोलते की जेवण लांबतं. कांद्याचा तुकडा बोटांत धरून परवा तिनं विचारलं, "आजी, ह्याला आत आत किती घरं असतात?"

खेळाच्या बाबतीत मात्र तेव्हाचं पारडं जड आहे, हे मी ठामपणे म्हणते. माझे आजोबा औंधला शिकलेले. औंध संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे होते. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज नमस्कार घालत, त्यांनी त्यावर पुस्तकं लिहिली, मुलींनाही त्यात घेतलं. आजोबांची ती शिस्त मरेपर्यंत टिकली. पहाटे ओसरीवर सतरंजी पडायची आणि शेजारी आम्ही नातवंडं, निम्मी झोपेत. आम्हांला बारा पुरेत, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतरचा व्यायाम खेळातच व्हायचा. लगोरी, सूरपारंब्या, आट्यापाट्या, डब्बा ऐसपैस. मुलगे पाठीला पत्र्याचा डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकायचे. आम्ही मुली काठावर ठिकरी आणि सागरगोटे. पोहायचं माझ्या फार मनात होतं, पण ते राहून गेलं. ती नदीही आता तशी राहिली नाही.

नातीला सहाव्या वर्षी चष्मा लागला. माझ्या शाळेत चौथीपर्यंत एका मुलाला चष्मा होता आणि आम्ही त्याच्याकडे अपूर्वाईनं बघायचो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर काढला आणि औषधाआधी सांगितलं, की रोज दोन तास मोकळ्या उजेडात जाऊ द्या. बाहेरच्या उजेडानं डोळ्याचा गोल लांबत जाण्याला आळा बसतो, त्यामुळे लांबचं अंधूक दिसायला लवकर लागत नाही. तैवानमध्ये तर शाळांनी मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायचं, असा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. ऐकताना मला घाटावरची दुपार आठवली. आमचे दोन तास तर मधल्या सुट्टीत आणि शाळेतून येता-जाताच भरून जायचे.

आता हे दोन तास कुणाला तरी काढावे लागतात. आमच्या इमारतीखाली गाड्या लावायला जागा आहे, खेळायला नाही. मग मी संध्याकाळी तिला घेऊन टेकडीच्या पायथ्याशी जाते. गुडघे दुखतात तरी जाते. पहिल्यांदा ती विचारायची, "इथं करायचं काय?" खरंच तिथं काही नव्हतं. झोपाळा नाही, घसरगुंडी नाही. मी काही सुचवलं नाही. दगडावर बसून राहिले. अर्ध्या तासानं ती घाणेरीची फुलं दगडावर मांडत होती. बालवाडीच्या प्रशिक्षणात असताना मी कोसबाडच्या टेकडीवर गेले होते, तिथं हेच बघितलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढं ते डहाणूजवळ कोसबाडला नेलं. माँटेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून येणार? त्यांनी बिया, शंख, शिंपले, पानं, खडे हीच साधनं केली. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणावर नेली. आणि अक्षरांच्या आधी आंघोळ, नखं, केस विंचरणं. मूल जसं आहे तसं, त्याच्या अंगणात जाऊन घ्यायचं, हे मी तिथं शिकले. दारात जाऊन शाळा भरवायची त्यांची ती अंगणवाडी. तो शब्द पुढं साऱ्या देशानं उचलला.

एवढं लिहून मी थांबले आणि सूनबाईला वाचायला दिलं. तिनं एकच विचारलं, "आई, काकू कधी झोपायच्या?"

मी तेव्हा तेवढं लिहिलं नव्हतं. काकू साडेचारला उठायची. बंब, सडा, रांगोळी, चूल, तेरा माणसांच्या भाकऱ्या, मोरीवरचं धुणं, पुन्हा चूल. आम्ही जिला घराची चाल म्हणतो, ती तिच्या पायांची चाल होती. सगळे जेवून उठल्यावर ती आणि माझी आई भांडं खरवडून जेवायच्या. दूध पुरायचं नाही तेव्हा ते मुलग्यांच्या वाटीत पडायचं. त्यावर कुणी काही बोलत नसे, आम्हीही नाही. काकूचं पहिलं बाळ गोवरात गेलं. वाड्यातल्या एका मुलाचा पाय पोलिओनं गेला होता, तो लंगडीच्या खेळात राज्य घ्यायला आमच्याआधी पुढं व्हायचा. १९७१ साली आपल्याकडे जन्मलेल्या हजारातली १२९ मुलं पहिला वाढदिवस बघत नव्हती. २०२० साली हा आकडा २८ वर आला. लशी आल्या, २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. काकूला डोळ्यांसमोर आणून हे आकडे म्हणताना माझा गळा दाटून येतो. ते दिवस कुणी परत दिले तर मी घेणार नाही.

आणि माझ्या वडिलांनी माझी वेणी कधी घातली नाही. त्यांना ते सुचण्यासारखंच नव्हतं. माझा मुलगा रोज सकाळी मुलीच्या केसांतला गुंता काढतो, न दुखवता, एका हातानं मुळं धरून. ती त्याला शाळेतल्या गोष्टी सांगते. हे आमच्या वाड्यात नव्हतं.

म्हणून सूनबाईला मी सांगितलं, की त्या कागदातलं सगळं करायला जाऊ नकोस. तेरा माणसांनी आणि काकूच्या कमरेनं जे पेललं ते तू एकटीनं पेलायचं नाहीस. आम्ही चौघांनी बसून तीन गोष्टी ठरवल्या. जेवताना परडी, ती चालूच ठेवायची. साडेआठनंतर घरातले मोठे दिवे बंद, फक्त एक पिवळा दिवा. आणि पाणी ज्यानं घेतलं त्यानं माठ भरायचा. हे शेवटचं नातीनं स्वतःकडे घेतलं आहे. गाळून ठेवलेलं पाणी ती फुलपात्रानं माठात ओतते, निम्मं ओट्यावर सांडतं, मग फडकं आणते. सूनबाईचा हात पुढं होतो आणि ती तो मागं घेते. ते मला दिसतं.

दिवाळीला आम्ही वाईला गेलो. काकू आता ब्याऐंशी वर्षांची आहे, पाठीत वाकली आहे. बंब माळ्यावर होता. मुलानं तो खाली काढला, चिंच आणि राखेनं घासला, आणि चतुर्दशीच्या पहाटे त्यानंच पेटवला. धूर डोळ्यांत गेला, दोनदा विझला. काकू पायरीवर बसून सांगत होती, "अरे, आधी टरफलं घाल, मग काटकी." सूनबाईनं तिच्या पाठीला तेल लावलं, उटणं लावलं. पहिली आंघोळ काकूची, असं नातीनंच जाहीर केलं. मग ती दोन्ही हातांनी तांब्या उचलून नरसाळ्यात पाणी ओतायला लागली. तोटीतून वाफाळतं पाणी आलं तशी दचकून मागं सरली, पुन्हा पुढं आली, आणि त्या आनंदात भराभर ओतायला लागली.

न्हाणीघराच्या आतून काकूचा आवाज आला, "हळू गं बाई, हळू. कोमट येतंय."